‘काढा’ म्हणाले आणि मला काढलं

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, बातम्यांची. जरा थांबा हं, दुसरी ओळ बदलतेय. झालं. तर काय सांगत होते? कॉम्प्युटर उघडला की काही लोकांसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने मांडलेलं पान येतं. कोणी त्यावर घड्याळ ठेवतं, कोणी हवामान, कोणी नातवंडांचे फोटो. त्याच पानावर ठळक बातम्यांची एक छोटी चौकट असते. ती मी. मला चालवणाऱ्या ऑफिसातले लोक मला विजेट म्हणतात. ते नाव मला कधीच आवडलं नाही. कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं.

माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. पूल बंद झाला, सामना जिंकला, कुणी राजीनामा दिला, कुणी दिलेला परत घेतला. घडलं की त्याची ओळ माझ्या अंगावर उमटलीच पाहिजे. एक ओळ जरा बूड टेकते न टेकते तोच दुसरी तिला ढकलून वर येते. मला घडवणारी मुलगी मोठी हुशार होती, पण विसावा नावाचं बटण काही तिने माझ्यात ठेवलं नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक मला ओढून पानाच्या अगदी वर नेऊन बसवत. मग नवलाई ओसरली. आधी मला हवामानाच्या खाली सरकवलं, मग घड्याळाच्याही खाली. आणि एक दिवस पानाच्या तळाशी ‘अभिप्राय’ नावाचं बटण आलं. काय सांगू तुम्हाला! एक म्हणे अक्षरं मोठी करा, दुसरा म्हणे बारीक करा. तिसऱ्याने लिहिलं, ‘क्लिक करायला जावं तर टुणकन खाली उडी मारते, हिला कुणीतरी बांधून ठेवा.’ मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता.

रोज पहाटे मात्र एक अभिप्राय न चुकता यायचा. ‘बातम्या पहाटेच काढा. फार उशीर होतो.’ तो एका काकांचा असे. काकांनी उभा जन्म वर्तमानपत्राच्या छापखान्यात घालवला होता. आता त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण पहाटे उठून ताजी बातमी ऐकायची सवय सुटली नव्हती. काकू मला उघडून एकेक ओळ वाचत आणि काका त्या प्रत्येक ओळीशी भांडत. दिवसभरात ते एवढंच काय ते बोलत.

पंचाईत अशी होती की रात्री ऑफिस बंद झालं की माझ्या ओळीही बंद होत. जगात काय काय घडत असायचं, आणि मी कालच्याच ओळी धरून सकाळपर्यंत तळमळत बसायचे. “अगं, हे काल वाचलंस,” काका वैतागून म्हणत. “लिही त्यांना, पहाटेच काढा म्हणावं.” आणि काकू लिहीत.

ऑफिसात अभिप्राय वाचायला एक ताई होती. अभिप्रायांचा ढीग झाला तेव्हा तिचे साहेब म्हणाले, “एवढं कोण वाचत बसणार? ‘ठेवा’ किती आणि ‘काढा’ किती, तेवढंच सांग.” ताईने कॉम्प्युटरला ते दोन शब्द शोधायला लावले. ‘काढा’चं पारडं चांगलंच जड निघालं. “लोकांनाच नको, तर आपण कशाला जीव आटवायचा?” साहेब म्हणाले. संध्याकाळी मला पानावरून काढलं आणि माझ्या जागी फुलांचं चित्र लावलं.

तुम्हाला वाटेल, बरं झालं, विश्रांती मिळाली. छे! ऑफिसच्या कॉम्प्युटरात एका कोपऱ्यात मी पडून होते आणि जीव नुसता टांगणीला लागला होता. काकू आता काकांना काय वाचून दाखवत असतील? फुलं वाचता येतात का कधी?

मग एका सकाळी अभिप्राय आला. ‘बातम्या निघतच नाहीत. आता तरी काढा. नंबर देते, फोन करा.’ ताई चक्रावली. काढून टाकल्यावर आणखी काय काढायचं? तिने फोन लावला.

“अगं बाई, बरं झालं फोन केलास,” काकू म्हणाल्या. “बातम्या थांबल्यापासून हे गप्पच झालेत गं. विचारलं तर हं नाही की चूं नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून बसतात. मला भीती वाटायला लागली आहे.”

“पण काकू, तुम्हीच तर रोज ‘काढा, काढा’ लिहीत होता!”

“मग? काढाच म्हटलं ना! पेपर काढतात तसं.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. तिकडून काकांचा आवाज आला, “कोण आहे गं?”

“ऑफिसातली मुलगी आहे. आपण बातम्या काढा म्हटलं, तर यांनी काढूनच टाकल्या!”

त्यावर काका हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. “आमच्या छापखान्यात असता ना, तर मालकांनी यांनाच काढलं असतं!” ते म्हणाले, आणि काकू फोनवरच रडायला लागल्या.

ताई तशीच उठून साहेबांकडे गेली. “एका माणसासाठी चौकट परत लावायची?” साहेब म्हणाले. ताईने मग बाकीचे ‘काढा’ त्यांच्यासमोर मोठ्याने वाचले. मध्येच येणारी ती जाहिरात काढा. एकच बातमी तीनदा येते, जास्तीच्या काढा. हिची उडी मारायची खोड काढा. एकाने मात्र ‘डोक्याला ताप आहे, काढून टाका’ असं खरोखरच लिहिलं होतं. असू दे, त्याचा तो हक्क आहे. साहेबांचा चेहरा पडला. “लाव परत,” ते म्हणाले, “आणि पहाटेची वेळ लाव.”

पहिल्याच पहाटे काकूंनी वाचलं, “पूल लवकरच सुरू होणार असल्याचे समजते.” काका कडाडले, “समजते म्हणजे? कुणाला समजते? आधी खात्री करा म्हणावं!” मित्रांनो, आयुष्यात इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं.

तुम्हीही कुणाकुणाला अभिप्राय देता, कुणाकुणाचे वाचता. देताना काय हवंय ते नीट, पूर्ण सांगा. आणि वाचताना एवढं करा माझ्यासाठी, एका शब्दावर थांबू नका. वाक्याच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो, त्याच्यापर्यंत जा. मोजायचं ते मग मोजा.

बरं, आता मला सोडा. काका उठलेत, आणि माझी पहिली ओळ अजून कालचीच आहे.