साडेपाचची बैठक

सॉफ्टवेअर कंपनीतल्या त्या टेस्टरने नुसती मान डोलावली असती, तर महिन्याला अठरा हजार जास्त, खिडकीजवळची खुर्ची आणि हाताखाली सहा जण एवढं पदरात पडणार होतं. द्यायचं काय, तर रोज संध्याकाळचा दीड तास.

गंमत म्हणजे ही बढती त्या दीड तासामुळेच चालून आली होती. कंपनीच्या कॅलेंडरवर कुणाची वेळ मोकळी दिसली, की कुणीही तिथे मीटिंग टाकायचं. म्हणून याने साडेपाच ते सात 'महत्त्वाची बैठक' असं कायमचं भरून ठेवलं होतं. बैठक भरायची मैदानावर. सहा वर्षांची ठमी सायकलवर आणि सीट धरून मागे धावणारा बाप.

साहेबांनी वर्षभराच्या नोंदी चाळल्या. एक दिवस खाडा नाही! माणूस कामाचा निघाला.

"टीम लीड व्हा," ते म्हणाले. "ती बैठक तेवढी दुसऱ्या कुणावर सोपवा. साडेपाचला ग्राहकांचा कॉल असतो."

बायकोने ऐकून घेतलं. "अठरा हजारांत सीट धरायला माणूस सहज मिळेल हो. पण ठमी 'बाबा, सोडू नकोस' म्हणून ओरडेल, तेव्हा ओ कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी टेस्टरने साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं.

"वर्षभर सायकल शिकवताय? अजून येत नाही?"

"येते, सर. पण ती मला कळू देत नाही आणि मी तिला."

साहेब पोट धरून हसले आणि वार्षिक शेऱ्यात 'गांभीर्य कमी' असं लिहून मोकळे झाले. त्याची नेहमीची पगारवाढही गेली. बढती मिळाली शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याला. त्याची लेकही त्याच मैदानावर सायकल शिकत होती.

हल्ली टेस्टर दोन सायकलींमागे धावतो.

"काका, बाबा कधी येणार?"

"कॉल संपला की. तू पुढे बघ."

एकूण जमाखर्च असा: साहेबांना माणूस मिळाला, चष्मेवाल्याला अठरा हजार, ठमीला बाप. टेस्टरला भुर्दंड पडला तो एका पगारवाढीचा. बाकी सगळी किंमत मोजतेय चष्मेवाल्याची लेक. दर फेरीला ती फाटकाकडे बघते, आणि तिथेच तिचा तोल जातो.