ड्रॉ पुरेसा होता

हॅल्डेनला मेलेला धाकटा भाऊ दिसायचा तो भर दुपारी, मॅचमध्ये चहाची सुट्टी झाली की. ऑस्लिन सीमारेषेपलीकडच्या पांढऱ्या साइटस्क्रीनला टेकून बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले. तेवीस वर्षं झाली, पण पठ्ठ्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. बरं, सांगायचं कुणाला? बार्बाडोसमध्ये अशी गोष्ट एका रमच्या दुकानात बोलली की दिवस मावळायच्या आत अख्ख्या बेटाला ठाऊक.

भाऊ का येतो हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

ब्याऐंशीच्या जुलैत फुटबॉलच्या वर्ल्डकपात ब्राझील इटलीशी खेळत होतं. बरोबरी झाली तरी ब्राझील पुढे जाणार होतं. दोन-दोन गोल झाले, तरी ते वेडे गोल करायला धावतच राहिले आणि हरले. मिस युडोराच्या दुकानातल्या टीव्हीसमोर ऑस्लिन ढसाढसा रडला. ती माणसं त्याला आपलीच वाटायची. ते पायाने नाचतात, आपण बॅटने, एवढाच काय तो फरक, असं म्हणायचा. खेळायचाही तसाच. फिरकीवाल्याला दोन पावलं पुढे जाऊन मनगटाच्या झटक्यासरशी चेंडू मैदानापलीकडच्या उसात धाडायचा, आणि माशांचे वडे तळणाऱ्या बायका कढई सोडून उभ्या राहायच्या.

त्याच आठवड्यात शनिवारी गावाची क्रिकेटची फायनल होती. पहिल्या डावात आघाडी होती, त्यामुळे ड्रॉ झाला तरी कप आपला. कप्तान हॅल्डेन.

"ब्राझीलपणा केलास तर पुन्हा टीमचं नाव काढू नकोस," त्याने भावाला बजावलं. "नुसता थोपव."

ऑस्लिनने दीड तास नुसतं थोपवलं. कप आला. दुसऱ्या दिवशी त्याने आपली बॅट दादाच्या दारात आणून ठेवली आणि मासेमारीच्या होडीवर कामाला लागला. नोव्हेंबरात ती होडी परत आलीच नाही.

ऑस्लिनच्या मागे राहिलेल्या वर्षाच्या पोराला, रोमेलला, हॅल्डेनने पोटच्या पोरासारखं वाढवलं. खेळही त्यानेच शिकवला. क्रीजपासून सहा पावलांवर चुन्याची रेघ मारायची. मारलेला चेंडू रेघेपलीकडे गेला की शिक्षा म्हणून मैदानाला एक फेरी. हे पोर तरी धोक्यात पडू नये, एवढीच त्याची भाबडी इच्छा.

आता रोमेल चोवीस वर्षांचा, आणि पुन्हा फायनल. पुन्हा पहिल्या डावाची आघाडी, पुन्हा ड्रॉ पुरेसा. पण जिंकायलाही फक्त नव्वद धावा हव्या होत्या, आणि तास-दीड तास हातात होता.

चहाच्या सुट्टीत हॅल्डेनने साइटस्क्रीनकडे पाहिलं. आज ऑस्लिन बसलेला नव्हता. उभा होता, पॅड बांधून, आपली पाळी आल्यासारखा. हॅल्डेन तडक रोमेलकडे गेला.

"ड्रॉ गेला खड्ड्यात. आज तुझ्या बापासारखा खेळ."

रोमेल बघतच राहिला. मग मान डोलावली आणि बॅट घेऊन मैदानात गेला.

पहिला चेंडू त्याने पायाशीच थोपवला. दुसराही. हॅल्डेन मनात म्हणाला, जम बसवतोय जरा. मग तिसरा, दहावा, पन्नासावा. फिरकीवाला चेंडू हवेत सोडत होता, अगदी मार मार म्हणून विनवत होता, आणि रोमेलची बॅट खाली ती खालीच. मॅच ड्रॉ झाली. कप आला, बायका कढया वाजवायला लागल्या.

गर्दीतून वाट काढत हॅल्डेनने त्याला गाठलं आणि घाबरलास का म्हणून विचारलं.

"घाबरलो कुठे, काका?" रोमेल घाम पुसत हसत होता. "दोनदा पुढे जायला गेलो. पायच उचलेना. मला ते येतच नाही हो. तुम्ही कधी शिकवलंत?"

पोरांनी त्याला खांद्यावर उचललं. साइटस्क्रीनकडे मान वळवायची हॅल्डेनची छाती झाली नाही, आणि तो खाली बघत उलट्या वाटेने घरी निघाला.