येसूचं धनुष्कोडी

माझा धाकटा भाऊ येसाजी १९६२ साली धनुष्कोडीला नोकरीला गेला, तेव्हा बेंगळूरातल्या आमच्या शिवाजीनगरच्या गल्लीत ते बंदर कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. येसूनं नकाशा आणून दाखवला. रामेश्वरच्या बेटाचं बारीक टोक समुद्रात घुसलं होतं, त्या टोकावर त्यानं बोट ठेवलं. अण्णांनी तिकडं पाहिलंही नाही. "समुद्रात जाऊन नोकरी करणार म्हणे," एवढंच ते बोलले आणि मशीन चालवत राहिले.

अण्णा म्हणजे आमचे वडील, रघुजी शिंपी. कंटोनमेंटातल्या साहेबांचे कोट त्यांच्या हातचे असत. आई मी चौदा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून घर माझ्याकडं आणि दुकानातली काजंबटणंही माझ्याकडं. येसूनं आपल्याशेजारी मशीनवर बसावं अशी अण्णांची फार इच्छा होती. तो परीक्षा देऊन रेल्वेत पार्सल कारकून झाला.

पण दोघांचं बिनसलं होतं ते फार आधी. येसू सहा वर्षांचा असताना मामाबरोबर बेळ्ळंदूरच्या तळ्यावर गेला आणि परतल्यावर धावतच घरात शिरला. "अण्णा, विमान तळ्यात उतरलं! बदकासारखं!" अण्णांनी त्याच्या कानफटात दिली. "थापा मारतोस?" लढाईचे दिवस होते. महिन्याभरानं मापं द्यायला आलेला एक सोल्जर बोलता बोलता म्हणाला, पाण्यावर उतरणारी विमानं दुरुस्तीसाठी तिकडं येतात. अण्णांनी ऐकून घेतलं आणि खडूनं कापडावर रेघ ओढली. येसूला काही बोलले नाहीत. घरात त्याचं नाव थापाड्या पडलं ते पडलंच.

धनुष्कोडीहून त्याची पत्रं यायची. भाषा मराठी, अक्षरं कन्नड; आमच्या घरांत तशीच रीत आहे. अण्णांना वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी दुकानात मीच वाचून दाखवी. शेजारचा इस्त्रीवाला कल्लाप्पाही ऐकायला येऊन उभा राही.

"अक्का, इथं रूळ थेट धक्क्यापर्यंत जातात. मद्रासहून आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि समोरच्या बोटीत चढतो. दोन-तीन तासांत सिलोन! मद्रासच्या स्टेशनवर कोलंबोचं तिकीट मिळतं. गाडी आणि बोट मिळून एकच तिकीट."

"रेल्वेच्या खिडकीवर कोलंबो," अण्णा म्हणाले. "पुढं वाच."

"गावाच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे. एक सदा खवळलेला, दुसरा परातीतल्या पाण्यासारखा. खवळलेल्याला इथले लोक पुरुष म्हणतात आणि शांत असतो त्याला बाई."

"आमच्या घरी उलटं आहे," कल्लाप्पा म्हणाला. मी हसले. अण्णा हसले नाहीत.

एकदा त्यानं पांबनच्या पुलाबद्दल लिहिलं. जहाज आलं की पूल मधोमध दुभंगतो, दोन्ही भाग वर उचलले जातात, खालून जहाज निघून जातं, आणि मग पूल पुन्हा जुळून वरून गाडी जाते. अण्णांनी दाताखालचा दोरा तोडला. "लहानपणी विमान, आता पूल. लग्नाचं वय झालं तरी खोड जात नाही."

आणि मग डिसेंबर चौसष्टमधलं पत्र आलं. "अक्का, तुला खरं वाटणार नाही. इथं लाटेपासून चार पावलांवर हातानं वाळू उकरली की गोडं पाणी लागतं. आम्ही करवंटीनं भरून तेच पितो. अण्णांना एकदा हे पाणी पाजायचं आहे."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. "समुद्राच्या काठी गोडं पाणी? एवढा खुळा समजतो मला? घे कार्ड. लिही."

मी कार्ड घेतलं.

"खरं लिहायचं असेल तर लिही. नाहीतर पत्र पाठवू नकोस. आणि येऊही नकोस."

"अण्णा, स्वल्प मऊ करून लिहू का?"

"सांगितलं तसंच लिही."

त्या दिवशी मलाही येसूचा राग होता. दसऱ्याला येतो म्हणाला आणि आला नाही. मला बघायला मंडळी आली तेव्हा घरात भाऊ नव्हता. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. अण्णा म्हणाले तसं मी अक्षरन् अक्षर लिहिलं, वर आपल्या मनानं एक ओळही घातली नाही. सोमवारी, चौदा तारखेला, मी स्वतः ते पेटीत टाकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, कल्लाप्पा कन्नड वर्तमानपत्र घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. "कौशल्याक्का, येसाजी कुठल्या गावी आहे?" त्याला माहीत होतं, तरी त्यानं विचारलं. मी पेपर घेतला. मंगळवारी रात्री वादळ आलं होतं. समुद्र धनुष्कोडीवरून गेला होता. माणसांनी भरलेली गाडी रुळांसकट वाहून गेली होती.

मी मोठ्यानं वाचलं. अण्णांनी बाही उलटी केली, शिवण तपासली आणि म्हणाले, "त्याला पोहता येतं."

येसूला पोहता येत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

तारा केल्या, उत्तर आलं नाही. जानेवारीत रेल्वेचं पत्र आलं. त्याचा ठावठिकाणा लागत नाही, एवढंच त्यात होतं. फेब्रुवारीत अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "चल."

मंडपमपर्यंत गाडी होती, पुढं होडी. पुलाचे खांब पाण्यात उभे होते आणि त्यांच्यावरचं लोखंड बरंचसं समुद्रात गेलं होतं. माणसं दुरुस्तीला लागली होती. मधला एक भाग मात्र तसाच उभा. अण्णांनी मला विचारायला लावलं, म्हणून मी एका कामगाराला तमिळमधून विचारलं, की एवढाच कसा राहिला.

"तो उघडणारा भाग आहे, ऐया," तो अण्णांना म्हणाला. "जहाज आलं की दोन्ही बाजूंनी वर जातो."

मी मराठीत सांगायच्या आतच अण्णांनी दोन्ही तळवे जुळवले आणि दोन बाजूंना वर उचलून पाहिले. शिवाजीनगरात तमिळ शेजाऱ्यांमध्ये जन्म गेलेल्या माणसाला एवढं तमिळ कळतच होतं.

रामेश्वरहून थोडं एका ट्रकमधून आणि पुढं वाळूतून चालत आम्ही गेलो. गाव नव्हतं. चर्चच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. स्टेशनच्या कमानी होत्या. रूळ वाकडे होऊन पाण्यात उतरले होते. कुणाला विचारावं तर माणूस नाही. दूर एक कोळीण घागर घेऊन बसली होती. तिच्यापुढं वाळूत खड्डा होता, आणि तिच्या पाठीमागं लाटा फुटत होत्या.

अण्णा तिच्याजवळ गेले नाहीत. आहे तिथंच गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागले. मी पुढं झाले तर मला हातानं दूर सारलं. हातभर खोल गेल्यावर ओल आली, मग पाणी साचलं. ते निवळायची वाट बघत ते बसून राहिले. ओंजळ भरली, प्यायले.

"गोडं आहे," ते म्हणाले. "कौशल्या, गोडं आहे गं."

आई गेली तेव्हाही न रडलेला माझा बाप तिथं वाळूवर कपाळ टेकून रडला. "येसू, गोडं आहे रे," असं खड्ड्यात तोंड घालून सांगत राहिला. कोळीण घागर टाकून आली आणि माझा हात धरून उभी राहिली.

परतीच्या गाडीनं सेलम सोडलं. अण्णा खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "ते शेवटचं कार्ड. सांगितलं तसंच लिहिलंस का?"

मी म्हणाले, "नाही अण्णा. संक्रांतीला ये, अण्णा वाट बघतात, असं लिहिलं."

त्यांनी माझा हात घेऊन आपल्या डोळ्यांना लावला. "माझं ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "फार बरं केलंस."

पुढं चार वर्षं ते जगले. माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला धनुष्कोडी सांगायचे. तिकीट, दोन समुद्र, पूल, पाणी. आप्पाजी म्हणून एक पेन्शनर मास्तर होते, ते एकदा हसून म्हणाले, "रघुजी, आता म्हातारपणी थापा?" अण्णा चिडले नाहीत. खांद्याचं माप घेत शांतपणे म्हणाले, "माझ्या मुलानं लिहून कळवलंय, सर. तो खोटं लिहीत नसे."

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यात शुद्धीवर होते. खरं सांगायला मी उशाशी बसून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. ते म्हणाले, "संक्रांतीला ये म्हणून लिहिलंस, तेवढं तरी त्याच्या हातात पडलं असेल, नाही का?" मी म्हणाले, "सरी, अण्णा. हो, पडलं असेल."

त्यांच्या मागं मी येसूची सगळी पत्रं काढून वाचली. पहिल्याच वर्षीच्या एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, की एवढ्या दूरच्या टोकाला राहूनसुद्धा बेंगळूरचं टपाल त्याला चौथ्या दिवशी मिळतं, आणि त्या दिवशी तो जेवायच्या आधी ते वाचतो. सोमवारी टाकलेलं कार्ड गुरुवारी पोचलं असणार. वादळ त्यानंतर पाच दिवसांनी आलं.