हत्तीमागची भेग

विजयमालाबाई बुधवारी सकाळी लेकीची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला शाळेत गेल्या आणि भिंत बघून त्यांचं टाळकंच फिरलं. भेग गायब. परवापर्यंत हात आत जाईल एवढी भेग छतापासून फळ्यापर्यंत उतरली होती. आता तिथं सिमेंट थापून वर पिवळा रंग मारलेला आणि रंगावर छत्री घेतलेला हत्ती काढलेला. रंग अजून ओलाच होता.

याच शाळेवर बाईंनी आठ वर्षं मुख्याध्यापकी केली होती. खडू आपल्या पगारातून, झाडू आपल्या पगारातून, लाईट तोडायला वायरमन आला की बिलही आपल्याच पगारातून. वर निधी मागावा तर तीन प्रतींत प्रस्ताव द्यायचा, आणि उत्तर ठरलेलं, पाठपुरावा करा. करून करून बाईंचं डोकं उठलं आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी राजीनामा दिला. पण लेकीला, शिवांजलीला घातलं याच शाळेत. गावची शाळा गावच्या पोरांनी भरली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. दोन खोल्यांपैकी एकीचं छत गेल्या साली खाली आलं. रविवार होता म्हणून निभावलं. तेव्हापासून चौथीपर्यंतची सोळाही पोरं या एकाच खोलीत, या भिंतीखाली.

"गुरुजी, हे कुणाचं डोकं?" त्यांनी आताचे मुख्याध्यापक हरिबा गुरुजींना विचारलं.

"उद्या तालुक्याचे साहेब इमारत बघायला येणार हायत बाई. सरपंच म्हणाले, शाळा बरी दिसली पायजे."

"अहो, साहेब ती भेगच बघायला येणारेत ना? तीन वर्षं प्रस्ताव कशाचा धाडताय?"

गुरुजी खाली बघून रांगोळीचे डबे लावायला लागले. या माणसाला कणा म्हणून नाहीच. आणि त्याला एकट्याला काय बोलायचं, आपल्याकडची रीतच ही. साहेब दुखणं तपासायला यायचा म्हटलं की दुखणं झाकायचं आणि शाल-नारळ घेऊन उभं राहायचं. साहेब खूश होतो, 'इमारत सुस्थितीत' असं लिहितो आणि गाडीत बसतो. मग गाव बोंबलत बसतं की आपल्याला कुणी काही देत नाही.

बाई तडक मानसिंग सरपंचाच्या दारात गेल्या.

"पावण्याला काय फुटकी भिंत दाखवायची?" मानसिंग म्हणाला. "गावाला अब्रू हाय का न्हाई?"

"तुमची पोरं सांगलीला विश्रामबागेत शिकतात. अब्रू तुमची, आणि भिंत आमच्या पोरांच्या डोक्यावर. वेशीतल्या कमानीला बरा निधी आणलात."

"आवं, तुमी तरी काय केलंसा? साहेब आला की घरची सतरंजी, घरचं घड्याळ आणून शाळा सजवत हुतासा. आमी तुमचंच बघून शिकलो."

बाईंच्या जिव्हारी लागलं. कारण खोटं नव्हतं. आठ वर्षं त्यांनी पदरमोड केली, कौतुकाची सर्टिफिकेटं घेतली, आणि कागदावर या शाळेला कधी काही कमी पडलंच नाही. मग कोण कशाला पैसे देतंय? त्यांना मानसिंगाचा राग आला, पण स्वतःचा त्याहून जास्त आला.

गुरुवारी साहेब आले. हलगी वाजली, फेटा झाला. वर्गात पाऊल टाकताच साहेब हत्तीकडं बघून हसले आणि म्हणाले, "छान ठेवलीय शाळा."

बाई गर्दीतून पुढं आल्या. घरून आणलेलं खुरपं त्यांनी थेट हत्तीच्या पोटात घातलं. सिमेंटचे पापुद्रे धडाधड खाली आले, पोरं बाजूला पळाली, आणि भिंतीतून पलीकडचं ऊन दिसायला लागलं. मानसिंग अंगावर धावून आला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

साहेब चिडले नाहीत. दमलेल्या माणसासारखे बोलले. "बाई, मी 'धोकादायक' लिहिलं तर आजच कुलूप लागेल. आणि पट सोळाचा. एवढ्यासाठी वर्ग कुणी बांधून देणार नाही. पोरं चार किलोमीटरवरच्या शाळेला जोडतील. 'सुस्थितीत' लिहिलं तर शाळा आहे तशी चालू राहील. काय लिहू?"

"बाई, माती खाऊ नका," मानसिंग दात ओठ खात म्हणाला.

बाईंनी शिवांजलीकडं बघितलं. तिच्या केसांत सिमेंट पडलं होतं.

"धोकादायक लिहा," बाई म्हणाल्या. "आणि दुरुस्ती मागून तीन वर्षं झाली, हेही लिहा."

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

पोरं दप्तरं घेऊन बाहेर आली. गुरुजींनी कुलूप लावलं. बाईंशी कुणी बोलेना. फक्त धोंडुबाई नातीचा हात धरून त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"झालं मनासारखं? शाळा बुडवलीस. माझी नात आता रोज चार किलोमीटर चालंल व्हय?"

"चालंल, मावशी," बाई म्हणाल्या. "जिती हाय, म्हणून चालंल."