उजवी टाच

भाच्याने आत्याच्या डाव्या टाचेची पट्टी उलगडली, दिवा जवळ ओढला आणि हलकेच शीळ घातली. जखम भरली होती. तिच्या जागी नव्या, गुलाबी कातडीचा डाग तेवढा उरला होता.

भाचा डॉक्टर होता, पण रोग्याला हात न लावणारा, प्रयोगशाळेतला. माशाच्या कातडीपासून त्याने एक पातळ पापुद्रा बनवला होता. तो जखमेवर ठेवला की शरीर त्याला परका मानत नाही, त्याच्या आधाराने नवी कातडी विणतं आणि शेवटी पापुद्राच पचवून टाकतं. पाहुण्याने घर बांधून द्यावं आणि चहासुद्धा न घेता निघून जावं, तसं. इतका गुणी पाहुणा आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं आत्या म्हणायची, आणि म्हणताना भाच्याकडेच बघायची.

कंबरेचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली आणि गादीला टेकून टेकून दोन्ही टाचा सारख्याच चिघळल्या, तेव्हा भाच्याचे डोळे चमकले होते. एका टाचेला पापुद्रा, दुसरीला साधी पट्टी. माणूस एक, जखमा दोन. याहून चोख तुलना कुठे मिळणार? त्याने रीतसर विचारलंही होतं. पण आईमागे ज्याला वाढवलं, त्याला नाही म्हणायची आत्याला सवय नव्हती. उजवीने मागे राहायचं ठरलं. उद्या पैसे मंजूर करणाऱ्या समितीपुढे फोटो ठेवायचे होते. फरक दिसला तर काम पुढे चालणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप.

"आता उजवी," तो हात चोळत म्हणाला.

पट्टी सुटली. आत्याला आपली टाच दिसत नव्हती. भाच्याचं तोंड दिसत होतं. ते उतरलं.

"वाढली का रे?"

"नाही. हीसुद्धा भरली."

त्याने बायकोला हाक मारली. उजव्या पायाला आणखी काय लावलंस, हे त्याने दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं, चोराला विचारावं तसं. काही नाही, म्हणाली ती. रोज धुतली, पोटरीखाली उशी दिली, टाच टेकू दिली नाही.

"दोन्हीकडे?"

"पाय दोन्ही त्यांचेच आहेत. एकाचंच करायचं होतं का?"

दोन्ही टाचांचे फोटो काढून त्याने शेजारी शेजारी पाहिले. डावी कोणती, उजवी कोणती, त्यालाच ओळखू येईना.

आत्या ओशाळली. पोराचं एवढं मोठं काम, आणि या पायाने न सांगता पुढेपुढे केलं.

"कातडी अजून कोवळी असेल," ती हळूच म्हणाली. "रात्रभर चादरीवर घासली, तर निघेल सकाळपर्यंत."

तो नको म्हणाला. अगदी ठामपणे म्हणाला. पण त्याआधी त्याने एकदा टाचेकडे पाहिलं होतं, आणि एकदा घड्याळाकडे.

आत्याला ते दिसलं. तिने दोन्ही पाय पांघरुणात ओढून घेतले.