लाईटपुरता नवरा

मैना नाही म्हणाली.

पण हे आपल्याला अजून माहीत नाही. कुणी कुणाला काही विचारलेलं नाही, कुणी काही उत्तर दिलेलं नाही आणि आज शनिवार आहे, असं धरून चालू. अंबाजी घरतनेही पुढे तसंच धरलं, म्हणजे पद्धत अगदीच टाकाऊ नसावी.

तर शनिवारी संध्याकाळी अंबाजी नागावच्या वाळूत एका गुडघ्यावर बसला होता. हातात अंगठीची लाल मखमली डबी. समोर मैना उभी होती आणि त्याच्या डोळ्यांत खोल बघत बोंबलांविषयी बोलत होती.

"दोन दिस वाराच न्हाय. बोंबील लटकून लटकून कंटाललं."

"मावशी, ओठ नका ना हलवू! फोकस जातो," केतन कॅमेऱ्यामागून ओरडला.

"ओठावर फोकस कशाला हवाय ह्याला?" मैना म्हणाली. ओठ न हलवता म्हणाली. आठ वर्षांत ती कला तिला साधली होती.

केतन पनवेलचा. लग्नाआधीचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. नवरा-नवरीचा मेकअप महाग आणि नागावची हवा दमट, त्यामुळे खरी जोडी गाडीतल्या एसीत बसवून ठेवायची आणि लाईट, सावली, समुद्र वगैरे जमेपर्यंत त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी उभं करायचं. त्याला धंद्यात डमी म्हणतात. अंबाजी किनाऱ्यामागच्या एका होमस्टेची वाडी सांभाळायचा. आठ वर्षांपूर्वी तो सुपारीला पाणी लावत असताना केतनने कुंपणावरून विचारलं होतं, "काका, जरा पाच मिनिटं नवरा म्हणून उभे राहता का?" अंबाजी पंप बंद करून गेला. मैना रेवदंड्याहून नवरीला नऊवारी नेसवायला आलेली होती. तिला केतन म्हणाला, "मावशी, तुम्ही रिकाम्याच आहात तर..."

तेव्हापासून अंबाजी दोनशेच्या वर लग्नांना उभा राहिला. मराठीत लग्नाला उभं राहण्याचा जो एक अर्थ होतो, तेवढा सोडून.

तो अर्थ त्याच्या वाट्याला आला नव्हता. दोन धाकट्या बहिणींची लग्नं झाली, मग आईचं दुखणं निघालं, आणि त्यातून मोकळा होईपर्यंत अंबाजीचं वय असं झालं की त्याच्यासमोर कुणी 'स्थळ' म्हटलं की त्याला पर्यटकच आठवायचे. पण डमी म्हणून त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. तो घोडागाडीत बसला होता. गुलाबी धुरातून चालत आला होता आणि होळीपर्यंत खोकला होता. मैनाच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला होता. ही पोज केतनला फार आवडायची, आणि ती चालू असतानाच मैनाने त्याला मुळव्याधीवरचं औषध सांगितलं होतं. सुरुवातीला ती त्याला 'अंबाजीभाऊ' म्हणायची. तिसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या नंतरच्या रविवारी, त्यातला 'भाऊ' गळून पडला. मैनाच्या ते लक्षातही आलं नसेल. अंबाजीला तो रविवार मात्र तिथीसकट पाठ होता.

"काका, एक सांगायचं होतं," केतन लेन्स पुसत म्हणाला. "आजचं शूट लास्ट. म्हणजे तुमचं लास्ट. अलिबागला एक कापडाचं दुकान बंद झालं ना, तिथून दोन पुतळे मिळालेत आपल्याला. जेन्ट्सला एक हात नाही, पण चालतंय."

"हात नाय तर अंगठी कशी देल तो?" अंबाजीने विचारलं. त्याला खरंच काळजी वाटली.

"डावा आहे ना! आणि मनाला लावून घेऊ नका, काका. पुतळे कसे, बोंबलांवर बोलत नाहीत."

"माजं तर तसंबी संपलंच," मैना म्हणाली. "आजची पोरगी बगितलीस? नऊवारी शिवून आणलेय. मागं चेन हाय. सर्रकन वरती, झाली नवरी." तिने हवेतच चेन ओढून दाखवली. आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. "मी चाल्ले दिघीला, बहिनीकडं. जेट्टीजवल खानावल हाय तिची. येत्या गुरवारी."

अंबाजी गुडघ्यावरच होता. अंगठीची डबी त्याने मिटली, मग कामात कसूर नको म्हणून परत उघडली. म्हणजे जे काय ते आजच, एवढं त्याला कळलं. आपल्या जागी पुतळे उभे राहिल्यावर काही विचारता येणार नव्हतं.

आजची खरी जोडी अल्पेश आणि कल्पिता. लग्न पुढच्या रविवारी, नागावातल्याच एका रिसॉर्टवर. अल्पेशचे डंपर होते आणि स्वभाव डंपरसारखाच होता, म्हणजे दिलदार पण मागे न बघणारा. 'सनसेट कॉकटेल' अशी थीम त्याने स्वतः सुचवली होती. त्यासाठी वाळूत पांढऱ्या कापडाचं टेबल मांडलं होतं, त्यावर उंच दांड्याचे दोन ग्लास. एकात निळं सरबत, दुसऱ्यात कोकम, कारण अल्पेशच्या वडिलांच्या गळ्यात माळ होती आणि अल्बम ते बघणार होते. समुद्रातून आल्यासारखी एंट्री हवी म्हणून अल्पेशने काळी जीप ओल्या वाळूत घातली. एंट्री तिथेच थांबली. चाकं फिरत होती, जीप खाली चालली होती आणि सूर्यही.

"सनसेट जाईल रे!" केतन किंचाळला. अर्ध्या किनाऱ्याने जीपला हात लावला. नवरी पाय वर घेऊन आत बसून होती.

मैनाने टेबलावरचं कोकम उचलून एक घोट घेतला. "साकर जास्त झाली. तू घे," म्हणाली आणि निळा ग्लास त्याला दिला. अंबाजीने घेतला. चव फिनेलच्या वासासारखी होती. तरी तो सगळं प्यायला.

"काका, तुम्ही जागेवर बसा, लाईट चेंज होतोय, मी घेत राहतो!" केतन एका डोळ्याने जीपकडे बघत ओरडला.

अंबाजी बसला. दोनशे वेळा बसला होता तसाच, पण या वेळी गुडघ्यातून कट्ट झालं.

"मैना."

"काय रं?"

"या टायमाला मी खरा बसलोय."

मैनाने त्याच्याकडे बघितलं. बघतच होती, कामच ते होतं. पण हे बघणं वेगळं होतं.

"खरा म्हंजे?"

"म्हंजे लाईटपुरता नाय."

मैनाने हातातला कोकमाचा ग्लास टेबलावर ठेवला. मग ओठ हलवून, फोकसची पर्वा न करता म्हणाली, "इचारायचं तर उब्यानं इचार. बसून तर तू दोनशे जनींना इचारलंस."

अंबाजी उठायला लागला. गुडघा म्हणाला, आज नको. मैनाने दोन्ही हात पुढे केले आणि त्याला ओढायला लागली. तो ना धड बसलेला, ना धड उभा, ती मागे रेललेली, दोघांच्या मधोमध सूर्य. क्लिक.

"निघाली, निघाली! डमी बाजूला!" केतन पळत आला. जीप वर आली होती, पण सूर्य खाली गेला होता. खऱ्या जोडीचे फोटो अंधुक उजेडात झाले. मैनाला रेवदंड्याची शेवटची सहा आसनी रिक्षा गाठायची होती. ती पळाली. उभ्याने विचारायचं राहूनच गेलं.

बुधवारी सकाळी फाट्यावर बॅनर लागला. बारा फूट रुंद. 'चि. अल्पेश व चि. सौ. कां. कल्पिता यांच्या शुभविवाहास येणाऱ्या वऱ्हाडी मंडळींचे नागावनगरीत सहर्ष स्वागत.' खाली चौदा मित्रांचे गॉगल लावलेले फोटो. आणि वर, नारिंगी आभाळावर दोन काळ्या आकृत्या, एकीने दुसऱ्याचे हात धरलेले. सूर्यास्ताचा तेवढा एकच फोटो केतनकडे होता. सावलीत कोण ओळखतंय, असा त्याने विचार केला. तो पनवेलचा होता. नागावात पहाटे धुक्यात पाठमोरा माणूस खाकरण्याआधी ओळखतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

मोरू रिक्षावाल्याने रिक्षा थेट वाडीत घातली. "अंबाजी! आरं, लगीन ठरलं आन् पत्रिका न्हाय?"

"कुनाचं लगीन?"

"फाट्यावर जाऊन बग. चौदा जन खाली उबं हायेत तुज्या स्वागताला."

"तो मी नाय."

"मंग ते गुडगं कुनाचं? आख्ख्या तालुक्यात असं गुडगं न्हाय. मदनं बकरी जाईल!"

अंबाजी सायकलवर फाट्यावर गेला. तिथे अल्पेशची आई कौतुकाने वर बघत उभी होती. "किती बारीक दिसतो गो माजा अल्पेश!" ती शेजारणीला म्हणाली आणि तिने बॅनरवरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. अंबाजीच्या एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात आईनंतर कुणी त्याची दृष्ट काढायची ही पहिलीच वेळ. तो शेजारीच उभा होता. त्याने जरा मान वाकवली.

संध्याकाळी मैना फाट्यावर आली. अंबाजी अजून तिथेच होता. रेवदंड्याहून दिघीचा रस्ता नागावच्या बरोबर उलट्या दिशेला जातो, तेव्हा वाटेत लागलं म्हणून आले असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि ती तसं म्हणालीही नाही. मोरूच्या रिक्षातून उतरली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर बघत राहिली.

"झ्याक आलंय," ती म्हणाली.

"हां."

"माजी निरी बग. सावलीतबी वाकडी. लोकांच्या नीट करता करता..." बॅनरची खालची कड कमरेशी होती, हात वर केला की निरीपर्यंत पोचत होता. तिने तळवा फ्लेक्सवर ठेवून निरीवरून वरून खाली दाबून फिरवला. निरी काही सरळ झाली नाही.

अंबाजीने टाचा जुळवल्या. झेंडावंदनाला उभं राहतात तसा उभा राहिला. "मैना, उबा हाय."

"दिसतंय."

"इचारू?"

"इचार."

त्याने विचारलं. शब्द साधेच होते, केतनच्या गिऱ्हाइकांसारखे इंग्रजी नव्हते. मोरूने तेवढ्यापुरतं रिक्षाचं इंजिन बंद केलं आणि नंतर चालू करायचं त्याला सुचलं नाही.

"न्हाय, अंबाजी," मैना म्हणाली.

एक एसटी वळली आणि अलिबागकडे गेली.

"एकदा खरी उबी र्‍हायलेय मी," ती म्हणाली. "त्यात लाईट चांगला नव्हता."

अंबाजीने मान हलवली. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याबद्दल ती आठ वर्षांत एवढंच बोलली होती.

"आपलं कायबी र्‍हायलं न्हाय रं. आंगठी झाली, घोडा झाला, धूर झाला. फकस्त संसार र्‍हायला, आन् त्यो मी करून बसलेय. आता दोन वर्सं नुस्त्या भाकऱ्या थापायच्या हायेत मला. कुनाकडं बगायला नको."

"दिघीला जेवायला आलो तर?"

"गिऱ्हाईक म्हनून ये." मग रिक्षाकडे वळत, "भाकरी गरम देईन."

ती रिक्षात बसली. मोरूकडे दिवसभराचे विनोद शिल्लक होते, त्यातला एकही त्याने काढला नाही. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत अंबाजी टाचा जुळवून तसाच उभा होता.

रविवारी अल्पेशचं लग्न झालं. सोमवारी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. मंगळवारी अंबाजीने स्वच्छ सदरा घातला, पंचायतीच्या दारात बसून अर्ज लिहिला आणि आत नेऊन दिला. क्लार्कने तो दोनदा वाचला, अंबाजीच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि आवक शिक्का मारला.

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत कार्यालय

विषय : फाट्यावरील बॅनर न काढणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, 'ज्यांचे कार्यक्रम पार पडले आहेत असे सर्व बॅनर तीन दिवसांत काढण्यात येतील' अशी आपली नोटीस वाचली. नोटीस योग्य असून तीस माझी हरकत नाही. तथापि सदर बॅनरवर नावे ज्यांची आहेत त्यांचा कार्यक्रम पार पडला असला, तरी चित्र ज्यांचे आहे त्यांचा कार्यक्रम अद्याप पार पडलेला नाही. त्याची तारीख निश्चित नाही. नावे कापून टाकण्यास व खालील चौदा इसमांचे फोटो काढण्यास माझी हरकत नाही. सबब, चित्रातील व्यक्तींचा कार्यक्रम पार पडेपर्यंत सदर बॅनर आहे त्याच जागी व आहे त्याच उंचीवर राहू द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अंबाजी राघो घरत
(बॅनरवरील उजवीकडचा)