नांगर, घागर आणि दोरीची पेन्सिल

मी एक जुने पुस्तक आहे. पाने एकशे चार. त्यातले एक्केचाळिसावे पान दोनदा आहे, कारण छापखान्यात खिळे जुळवणारा गृहस्थ मध्येच चहाला गेला आणि परत आल्यावर कुठवर आलो होतो ते विसरला. माझे नाव ‘नांगर आणि घागर’. आत कविता आहेत. मित्रांनो, लगेच उठून जाऊ नका. माझ्या कविता यमकाच्या आहेत, चटकन पाठ होतात आणि त्यांत चंद्र, पऱ्या, राजपुत्र असले कोणी नाही. लोहार, गवळी, मेंढपाळ, धुणे धुणारी बाई अशी साधी खेड्यातली माणसे आहेत.

मला लिहिणारे कवी शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत आणि शाळेत गणित शिकवत. खेड्यात ते आयुष्यात दोनदा गेले होते. एकदा मावसबहिणीच्या लग्नाला आणि एकदा पोट बिघडले म्हणून हवापालटाला. पण खेड्यावर त्यांचे फार प्रेम होते. लांबून प्रेम करणे सोपे जाते. त्यांच्या खिडकीतून खाली एक नळ, एक धुण्याचा दगड आणि समोरची भिंत एवढेच दिसे. त्या खिडकीत बसून त्यांनी अख्खे गाव लिहून काढले.

आम्ही दोनशे भावंडे एकाच आठवड्यात जन्मलो आणि दाही दिशांना गेलो. माझी रवानगी एका बाजारगावच्या वाचनालयात झाली. पहिली दोन वर्षे मला कोणी हात लावला नाही. माझ्या शेजारी मधमाश्या पाळण्याचे पुस्तक होते. ते सारखे बाहेर जाई आणि चिकट होऊन परत येई. मी मात्र स्वच्छ होतो आणि त्या स्वच्छतेचा मला वीट आला होता.

वाचनालयाच्या बाईंना सगळे श्शूबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. दिवसभर त्या तोंडावर बोट ठेवून तेवढेच म्हणत. दाराजवळच्या टेबलावर नोंदवही होती आणि पेन्सिलीला पाय फुटतात म्हणून त्यांनी ती दोरीने टेबलाच्या पायाला बांधली होती. दोरी हातभर लांब. ही पेन्सिल माझ्या गोष्टीतले मोठे पात्र आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून देतो.

एका बाजाराच्या दिवशी समोरचा लोहार आत आला. ते टेबल डगमगत होते आणि बाईंनी त्याला ते बघायला बोलावले होते. पायाखाली सारायला काहीतरी हवे म्हणून त्याने कपाटातून नेमके मला ओढले. माझे काय होणार हे मला कळून चुकले. पण सारण्याआधी त्याने मला सहज उघडले आणि त्याच्यासमोर हे आले:

काळ्या लोखंडावर पडती घणाचे घाव,
ठिणग्यांनी उजळते माझे चिमुकले गाव.

लोहाराने ते दोनदा वाचले. मग इकडेतिकडे पाहिले, दोरीची पेन्सिल उचलली आणि माझ्या समासात लिहिले, ‘लोखंड आधी लाल करावं लागतं. काळ्यावर घाव घातला तर मनगट भरून येतं. दुरुस्ती करावी. – लोहार.’ टेबलाखाली त्याने मधमाश्यांचे पुस्तक सारले. मला फार वाईट वाटले असे मी म्हणणार नाही.

लोहाराच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या बाजारी गवळी आला. त्याच्या कवितेत गवळी गोड गाणे गात धार काढतो. त्याने लिहिले, ‘धार काढताना गायलं की गाय लाथ मारते.’ आठवड्याने त्याखाली दुसऱ्या गवळ्याचे अक्षर उमटले, ‘आमची मारत नाही.’ त्याखाली पहिल्याने लिहिले, ‘तुमचा आवाज बरा असेल.’ मेंढपाळ माझ्यात झाडाखाली झोपलेला दाखवला आहे. खऱ्या मेंढपाळाला वाटले की हे आपल्याबद्दलच कोणीतरी चुगली केली आहे. त्याने लिहिले, ‘झोपलो नव्हतो. डोळे मिटून मोजत होतो.’

असा माझा भाव वधारला. दर बाजाराला त्या टेबलाभोवती गर्दी होई आणि श्शूबाईंचा घसा बसे. कोणी मला घरी नेत नसे, कारण पेन्सिल इथेच होती. सुखाचे दिवस होते, मित्रांनो. बोटांचे ठसे, कोळशाचे डाग, एका पानावर तर मेंढीने चाटल्याची खूण. मी कुठल्याही पुस्तकाशी जागा बदलली नसती.

मग धुणेआजी आल्या. चार घरची धुणी धुऊन त्यांनी मुलांना वाढवले होते आणि आता साठी उलटल्यावर त्या श्शूबाईंकडे दुपारी अक्षरे शिकायला येत. एक दिवस बाईंनी त्यांना सोपे वाचन म्हणून मला दिले आणि दुसरे एक्केचाळिसावे पान काढले. आजी प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या:

धुणे आपटी दगडावर, पाठ जाई मोडून,
जगाचे कपडे धुते, आपलेच सोडून.

श्शूबाई त्यांना गप्प करायला विसरल्या. आजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग पेन्सिल मागितली. एकेक अक्षर त्यांनी दगडावर कपडा घासावा तसे जोर लावून काढले, कपाळाचा घाम पुसला आणि शेवटी पूर्णविराम इतका दाबून दिला की तो मागच्या पानावरही उमटला. त्यांनी लिहिले होते, ‘बरोबर.’

त्या दिवसापासून त्या पानावर कोणी दुरुस्ती केली नाही.

पुढे वाचनालयाला नवे अध्यक्ष आले आणि अध्यक्षांनी काचेची कपाटे आणली. काचेतून शोभतील तीच पुस्तके ठेवायची, असे ठरले. मला दोन बोटांत धरून ते म्हणाले, “बाई, हे काय? हा तर फळा झालाय.”

“रबरानं खोडून देते,” श्शूबाई म्हणाल्या.

त्या खरेच रबर घेऊन बसल्या. मी सगळी पाने घट्ट धरून होतो. त्यांनी गवळ्यांचे पान काढले, वाचले आणि त्यांना एकदम हसू फुटले. “श्शू,” त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि रबर खणात टाकून दिले. पण अध्यक्षांनी काही ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी मला त्यांनी स्वतः रद्दीच्या गठ्ठ्यात घातले आणि सुतळीने आवळले. चार वाजता रद्दीवाला येणार होता. माझ्या डोक्यावर मधमाश्यांचे पुस्तक होते, अजून चिकट.

तीन वाजता एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी ‘नांगर आणि घागर’ आहे का म्हणून विचारले. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

“आपण?”

“ते मीच लिहिलंय,” ते म्हणाले. “बारा वाचनालयं झाली. सगळीकडे प्रत आहे, कोरी करकरीत. काही ठिकाणी तर जोडपानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत. हे तेरावं.” त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. “दुसरं पुस्तक लिहून ठेवलंय. इथंही तसंच निघालं तर घरी जाऊन ही वही चुलीत घालायची, असं ठरवून आलोय.”

बाईंनी दातांनी सुतळी तोडली आणि मला त्यांच्यापुढे ठेवले. मला माझी लाज वाटली. बारा भावंडे कशी नीटनेटकी, आणि मी हा असा. त्यांनी लोहाराचे पान उघडले. त्यांचे कान लाल झाले.

“हे कुणी लिहिलं?”

“लोहारानं.”

“खऱ्या?”

“समोरच भट्टी आहे त्याची. घणाचा आवाज येतोय ना, तोच.”

ते पान उलटत गेले. गवळ्यांपाशी बराच वेळ थांबले. “मी गाय कधी जवळून बघितली नाही,” ते हळूच म्हणाले.

“ते कळतं,” बाई म्हणाल्या.

मग दुसरे एक्केचाळिसावे पान आले. कवींनी त्या एका शब्दावरून बोट फिरवले. तो पूर्णविराम बोटाला लागतो.

“खिडकीतून दिसायची एक बाई. रोज. माझेसुद्धा कपडे असायचे त्यात,” ते म्हणाले. “एवढी एकच मी बघून लिहिली. पण तिच्याशी कधी बोललो मात्र नाही.”

तेवढ्यात रद्दीवाला तराजू खांद्यावर टाकून आत आला. गठ्ठा सुटलेला पाहून त्याने माझ्याकडे बोट केले. “हे पण द्यायचं ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आणि अध्यक्षांना काय सांगायचं ते माझं मी बघते.” हे त्या चक्क मोठ्याने बोलल्या.

“ह्यातच सगळ्या धंद्यांवर कविता आहेत म्हणे,” रद्दीवाला म्हणाला. “आमच्यावर आहे?”

“नाही,” कवी म्हणाले.

“मग अपुरं आहे.”

कवींनी त्याच्याकडे पाहिले. मग वही उघडली, एक कोरे पान काढले आणि दोरीची पेन्सिल ओढली. दोरी पुरेना, म्हणून खुर्ची टेबलाजवळ सरकवली आणि दुसरी खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

“बसा,” ते म्हणाले. “मला आधी सांगा, तराजू कुठल्या हातात धरता?”

ते दुसरे पुस्तक आता काचेच्या कपाटात माझ्या शेजारी असते. त्याचा समास चार बोटे रुंद ठेवला आहे आणि रद्दीवाल्याच्या कवितेवर आतापर्यंत दोनच दुरुस्त्या आल्या आहेत, दोन्ही रद्दीवाल्याच्या बायकोच्या.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या पुस्तकाने शेवटी काही विनंती करायची असते. तर हात धुऊन या. पाने दुमडू नका. टेबलाखाली कोणालाही सारू नका. मधमाश्यांच्या पुस्तकाचीही आता मला दया येते. पुस्तकात काही लिहू नका, असेही मी सांगायला हवे. पण ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पेन्सिल टेबलावर आहे. बाईंनी दोरी दोन हात लांब केली आहे.